जुन्या लिनक्सवर अडून बसलेलं ग्राफिक्स कार्ड चालू कसं करायचं

सोलापुरात जुने संगणक लवकर निवृत्त होत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या कारखान्यांत जॅकार्डची डिझाइन काढायला ठेवलेली कोअर टू ड्युओ मशीन्स, पूर्व भागातल्या गल्ल्यांतली डीटीपीची दुकानं, शाळांच्या लॅबमधले एकाच लॉटमध्ये आलेले डबे, सगळीकडे हाच प्रकार. विंडोज झेपेनासं झालं की कुणीतरी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देतं आणि मशीन पुन्हा पळायला लागतं. जिथे अडतं तिथे ते बहुधा ग्राफिक्स कार्डापाशी अडतं. या मशीनच्या जुन्या बोर्डांवर एकच व्हीजीए पोर्ट असतो, नवा मॉनिटर एचडीएमआयचा येतो, म्हणून कुणीतरी स्वस्तातलं जीफोर्स २१० नाहीतर जीटी ६१० बसवून दिलेलं असतं. विंडोजवर ते निमूट चालत होतं. लिनक्सवर स्क्रीन काळी.

हा लेख ज्यांनी टर्मिनल आजवर फार तर दोन-चारदा उघडलंय त्यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. जुन्या कार्डाच्या बाबतीत कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) या तिघांचं आपसात जमावं लागतं. लोक आधी सगळ्यात नवं लिनक्स टाकतात आणि मग कार्डाला त्यात कोंबायला बघतात. उलट करा. आधी कार्ड ओळखा, मग त्याला कुठला ड्रायव्हर लागतो ते ठरवा, आणि त्या ड्रायव्हरला मानवणारं लिनक्स टाका. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

कमांड फोनवर सांगतात तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान लिपीत टाकायच्या. ‘वजा’ म्हणजे शून्याशेजारची आडवी रेघ, ‘जागा’ म्हणजे एकदा स्पेसबार. लहान आणि मोठं अक्षर लिनक्स वेगळं धरतं, त्यामुळे मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

स्क्रीन काळी होते, पण कधी?

“स्क्रीन काळी पडली की हो सर” एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि नीट बघत बसा.

बोर्डाच्या कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर लिनक्सला बोल लावू नका, ते अजून सुरूच झालेलं नाही. केबल, कार्ड, रॅम किंवा बायोसची (बोर्डाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रामची) सेटिंग, यांपैकी काहीतरी आहे. लोगो आला, ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादीही आली आणि त्यानंतर अंधार झाला, तर दोष ड्रायव्हर आणि कर्नलच्या जोडीत आहे. हा सर्वांत नेहमीचा प्रकार, आणि बऱ्यापैकी सोपाही. तिसरा प्रकार चिडचिड करायला लावणारा: लॉगिनचा चौकोन येतो, पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन लुकलुकते आणि पुन्हा तोच चौकोन. अर्धवट बसलेला ड्रायव्हर हे त्याचं एक कारण. पण डिस्क गच्च भरली असली तरी हुबेहूब असंच होतं, म्हणून आधी ‘डीएफ जागा वजा एच’ देऊन शंभर टक्के भरलेलं काही दिसतंय का बघा. लॉगिनच होत नसताना कमांड कुठे द्यायची? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांचं लॉगिन मिळेल. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढेही लागणार आहे.

चौथा प्रकार म्हणजे सगळं छान चालू असतं आणि थोड्या वेळाने रंगीत पट्टे, चौकडे, किंवा माउससकट सगळं गोठतं. तिथे उष्णतेचा संशय पहिला.

पेचकस आधी, टर्मिनल नंतर

मागच्या बाजूला मॉनिटर लावायला दोन जागा असतात, बोर्डाची आणि कार्डाची. कार्ड बसवलं की बरेच बोर्ड स्वतःचा पोर्ट बंद करतात, त्यामुळे केबल कार्डालाच हवी. हे सांगायला नको असं वाटेल, पण टेबल पुसताना केबल काढून परत लावणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

बायोसमध्ये (चालू होताना डिलीट, काही ठिकाणी एफ२) ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ किंवा ‘प्रायमरी डिस्प्ले’ अशी ओळ शोधा. तिथे ‘पीईजी’ किंवा ‘पीसीआय एक्स्प्रेस’ निवडायचं. ही सेटिंग केली आणि लाइट जाऊन आल्यावर पुन्हा गेली, तर बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल संपलाय. खूण सोपी आहे: दर वेळी घड्याळ मागे जातं आणि ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची तक्रार करतो. सेल बदला. ड्रायव्हरशी झटापट करून याच्यावर काही उपाय होत नाही.

आता डबा उघडा, ज्याला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात तो. आधी एसएमपीएसची (डब्यातल्या वीजपुरवठ्याची) वायर काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, आणि डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या. यंत्रमागाजवळच्या मशीनमध्ये नुसती धूळ नसते, रुई असते. ती हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखी दाबून बसते आणि ब्लोअरच्या एका फुंकरीने निघत नाही, चिमटा घ्यावा लागतो. जीफोर्स २१० ची काही कार्डं तर बिनपंख्याचीच येतात, त्यांना नुसत्या हवेवर तगायचं असतं, आणि मे महिन्यात सोलापूरची हवा चाळीस अंशांच्या वर गेलेली असते. पंखा असेल तर बोटाने फिरवून बघा, अडकत असेल तर त्याचे दिवस भरलेत. कार्डाच्या सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुकटी झटका आणि कार्ड स्लॉटमध्ये ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवा. बोर्डावरचे किंवा कार्डावरचे कपॅसिटर डोक्याशी फुगलेले दिसले, तर या लेखाचा पुढचा भाग वाचण्यात अर्थ नाही, आधी ते बदलून घ्या.

एसएमपीएस मोठा घ्यावा लागेल, असं कुणी म्हटलं तर कार्डाला वेगळा पॉवर प्लग आहे का एवढंच बघा. नसेल तर ते कार्ड स्लॉटमधूनच वीज घेतं, आणि स्लॉट ७५ वॉटपर्यंतच देतो. जीफोर्स २१० ला ३१ वॉट पुरतात.

कार्डाची ओळख

खोक्यावर, स्टिकरवर किंवा दुकानदारावर विश्वास ठेवू नका. टर्मिनलमध्ये ही कमांड द्या:

एलएसपीसीआय जागा वजा एनएनके

लांबलचक यादी येईल. त्यात ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. लॅपटॉपमध्ये दुसरं कार्ड ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाने असतं. त्या ओळीत चौकोनी कंसात दोन आकडे अपूर्णविरामाने जोडलेले दिसतील. पहिला आकडा कंपनीचा: १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी (जुनी एटीआय), ८०८६ असेल तर इंटेल. दुसरा आकडा त्या चिपचा. शेजारी चिपचं नावही असतं, जसं जीटी२१८ किंवा जीएफ११९. कागदावर नीट उतरवून घ्या. थोडं खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूझ’ अशी ओळ असते. सध्या कार्डाला कोण चालवतंय ते तिथे कळतं. ती ओळच नसेल तर कार्डाला कुणीच वाली नाही.

चिपचं नाव का महत्त्वाचं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे जीटी ७३०. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या: जीएफ१०८ ही फर्मी पिढीची, जीके२०८ ही केप्लरची. खोकं तेच, रंग तोच, पण ड्रायव्हर वेगळे. शिवाय जुनी फर्मी कार्डं बायोस बदलून नव्या नावाने विकण्याचा धंदाही चालतो. म्हणून चिप.

याच वेळी ‘यूनेम जागा वजा आर’ (यूनेम म्हणजे यू, एन, ए, एम, ई) देऊन कर्नलचा आकडाही टिपून ठेवा.

अंधारातून तात्पुरतं बाहेर

ग्रबनंतर काळोख होत असेल तर वरची कमांड तरी कशी देणार? त्यासाठी ही युक्ती.

मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या, यूईएफआयवाल्या (बायोसच्या नव्या पिढीच्या) मशीनवर एस्केप एकदाच हलकेच दाबा. ग्रबची यादी आली की पहिल्या ओळीवर थांबून ‘ई’ दाबा. बराच मजकूर दिसेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटाकडे बहुधा ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी, सगळं सलग. मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स.

डेस्कटॉप आला, पण चित्र ढोबळ आणि हालचाल संथ असेल, तर अगदी बरोबर झालं. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं, की कार्डाच्या ड्रायव्हरला स्क्रीन हाताळू देऊ नकोस, साध्या पद्धतीने काय दाखवता येईल ते दाखव. नूव्हो, रेडिऑन वगैरे ड्रायव्हर या अवस्थेत कामालाच लागत नाहीत, सगळं चित्र प्रोसेसर काढतो. ग्रबमध्ये असं लिहिलेलं एकाच वेळेपुरतं टिकतं, आणि ते तसंच हवं. कित्येक जण नोमोडसेट कायमचं घालून ठेवतात आणि वर व्हिडिओ अडकतो म्हणून मशीनला शिव्या घालतात. कुणी आधीच तसं करून ठेवलं असेल, तर ते /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये सापडेल. तिथून शब्द काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या (सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ: पुढची कमांड मालकाच्या अधिकाराने चालव असं सांगणं).

आत आलात की मागच्या फसलेल्या वेळी काय घडलं ते विचारा:

सुडो जर्नलसीटीएल जागा वजा बी जागा वजा १ जागा वजा के

शेवटच्या पानांवर जाऊन ‘नूव्हो’ किंवा ‘रेडिऑन’ नावाच्या लाल ओळी बघा. सगळ्या कळायलाच हव्यात असं नाही. ‘जीपीयू लॉकअप’ दिसलं तर कार्ड चालता चालता अडकलंय. ‘फर्मवेअर’ हा शब्द एररबरोबर दिसला तर कार्डाला लागणारी छोटी फाइल डिस्कवर नाही. ‘एपीआय मिसमॅच’ दिसलं तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन अर्धे वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आहेत, म्हणजे कुणीतरी दोनदा, दोन प्रकारे ड्रायव्हर टाकलाय.

कार्ड एएमडीचं असेल तर

तुमचं नशीब चांगलं आहे. एचडी ५४५०, एचडी ६४५० किंवा त्याच वंशातलं आर५ २३० असेल, तर लागणारा रेडिऑन ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. वेगळं काही उतरवायचं नाही. कॅटलिस्ट नावाच्या जुन्या ड्रायव्हरच्या मागे लागू नका, उबुंटूने तो २०१६ च्या आवृत्तीपासूनच काढून टाकला. अडलंच तर फर्मवेअरपाशी अडतं. उबुंटू-मिंटमध्ये ते आधीच असतं. डेबियनच्या ११ व्या आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज नॉन-फ्री विभागातून वेगळं टाकावं लागतं. २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतःच फर्मवेअर घेऊन येतो.

आणि एनव्हिडियाचं असेल तर

इथे जरा थांबून वाचा. एनव्हिडियासाठी दोन रस्ते आहेत. एक नूव्हो, कर्नलबरोबर येणारा खुला ड्रायव्हर. कंपनीची कागदपत्रं हाताशी नसताना लोकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत तो लिहिला, आणि २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. दुसरा कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर. तो वेगवान, पण जुन्या कार्डांसाठी कंपनीने एकेक शाखा (ड्रायव्हरची आकड्याने ओळखली जाणारी मालिका) गोठवत नेली आणि गोठलेली शाखा नव्या कर्नलवर बसत नाही. सगळा गोंधळ याच्यातून होतो.

जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिका, म्हणजे आपलं जीटी२१८ चिपचं २१० सुद्धा, ३४० या शाखेवर थांबलं. शेवटची आवृत्ती ३४०.१०८, डिसेंबर २०१९ ची. तिचा तयार पॅकेज उबुंटू २०.०४ आणि मिंट २० पर्यंतच मिळतो, आणि त्या दोघांचाही नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला. फर्मी, म्हणजे जीटी ६१० आणि जीएफ१०८ वालं जीटी ७३०, ३९० या शाखेवर थांबलं, तिची शेवटची आवृत्ती २०२२ ची. ती उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ मध्ये ५.१५ कर्नलवर चालते, मिंट २२ मध्ये नाही. केप्लर, म्हणजे जीटी ७१० आणि जीके२०८ वालं ७३०, ४७० शाखेवर आहे. तिला कंपनीने २०२४ पर्यंत दुरुस्त्या दिल्या, आणि ती उबुंटू २४.०४ मध्येही मिळते.

मग काय करायचं? जीफोर्स २१० असेल तर माझं स्पष्ट मत: बंद ड्रायव्हरचा नाद सोडा, नूव्होवरच राहा. इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर सपोर्ट संपलेलं लिनक्स ठेवून मिळणार काय, तर थोडा वेग. जॅकार्डचं डिझाइन म्हणजे गिंपमध्ये जाळी मोठी करून एकेका चौकोनात रंग भरत मोराचा पिसारा उभा करायचा. हे सपाट चित्राचं काम आहे, त्याला नूव्हो पुरून उरतो. जीटी ६१० ला मिंट २१.३ टाका, मुद्दाम जुनं. त्याला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, आणि ५.१५ कर्नल त्यात मुळातच येतो. अपडेट मॅनेजरमध्ये ५.१५ चेच पुढचे आकडे आले तर खुशाल घ्या, ६ ने सुरू होणारा कर्नल मात्र टाकू नका.

नूव्होवर मशीन मधेच गोठत असेल तर डेस्कटॉप हलका करा. सिनॅमनऐवजी एक्सएफसीई घ्या, त्याच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कम्पोझिटर (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता रंगवणारा भाग) बंद करा, आणि ब्राउझरच्या सेटिंगमधला ‘हार्डवेअर अॅक्सिलरेशन’ बंद करा. बहुतेक २१० कार्डं एवढ्यावर सरळ होतात. तरीही गोठलं तर ग्रबमध्ये, नोमोडसेट लिहिलं होतं त्याच ठिकाणी, ‘नूव्हो.नोअॅक्सेल=१’ लिहून बघा: एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू, टिंब, एन, ओ, ए, सी, सी, ई, एल, बरोबरचं चिन्ह, १. यात वेग कमी होतो, पण स्क्रीनचं पूर्ण रिझोल्यूशन मिळतं, म्हणून नोमोडसेटपेक्षा कधीही बरं.

बंद ड्रायव्हर बसवताना

कंपनीच्या साइटवरून ‘.रन’ने संपणारी फाइल उतरवू नका. ती बसते, पुढच्या कर्नल अपडेटला मोडते, आणि काढायला गेलं की निम्मी मागे राहते. वितरणाचा, म्हणजे मिंट किंवा उबुंटूचा, स्वतःचा मार्ग घ्या.

आधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट (सिस्टिमची आत्ताची, परत आणता येणारी प्रत) काढा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतो, पाच-दहा मिनिटं जातील. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी अपडेट’. मग मेनूतून ‘ड्रायव्हर मॅनेजर’. पासवर्ड दिला की तो थोडा वेळ शोधेल आणि तुमच्या कार्डाला चालणारे आकडे दाखवेल. तुम्ही कागदावर लिहिलेल्या चिपला जी शाखा हवी तीच इथे दिसायला पाहिजे. ती निवडून ‘अप्लाय चेंजेस’.

आता धीर धरा. पाठीमागे डीकेएमएस नावाची यंत्रणा तुमच्या कर्नलसाठी ड्रायव्हर जागच्या जागी घडवत असते आणि कोअर टू ड्युओवर ते काम रेंगाळतं. पट्टी हलत नाही म्हणून बटण दाबू नका. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर हे काम लाइट जायच्या वेळेला काढू नका. मधेच वीज गेली तर तिसऱ्या प्रकारचं, लॉगिनवर गरगर फिरणारं मशीन तुमच्या पदरात पडेल. नूव्होला काळ्या यादीत टाकणं वगैरे गोष्टी पॅकेज स्वतः करतं, त्यासाठी हाताने फाइली बनवू नका.

२०१२ नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) असतं. ते चालू असेल तर बसवतानाच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येईल, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा फार वेळ थांबत नाही. चहा घ्यायला गेलात आणि तो निघून गेला, तर ड्रायव्हर बसूनही कर्नल त्याला आत घेणार नाही. ज्याला ही कटकट नको त्याने बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं.

उबुंटू २२.०४ वर ३९० चालवणाऱ्यांनी लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडावं. झॉर्ग आणि वेलँड या स्क्रीनवर डेस्कटॉप उभा करण्याच्या दोन पद्धती, आणि वेलँडशी या जुन्या शाखेचं जमत नाही.

फसलंच तर

कंट्रोल-ऑल्ट-एफ२, लॉगिन, आणि मग:

सुडो एपीटी पर्ज जागा ‘एनव्हिडिया*’

पर्ज म्हणजे पी, यू, आर, जी, ई. नावाच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरण चिन्ह टाकायचंच. काय काय काढणार त्याची यादी येईल, ती वाचा, मगच वाय दाबा. नंतर /ईटीसी/एक्स११ या फोल्डरमध्ये (इथे एक्स मोठा) झॉर्ग.कॉन्फ (एक्स, ओ, आर, जी, टिंब, सी, ओ, एन, एफ) नावाची फाइल उरली असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. जुन्या कार्डाच्या काळातली ही एक फाइल नव्या ड्रायव्हरला खड्ड्यात घालते. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस जागा वजा यू’ आणि रीस्टार्ट. नूव्हो परत आलेला दिसेल. हेही जमलं नाही, तर काढलेला स्नॅपशॉट आहेच.

खरंच चालतंय का?

डेस्कटॉप दिसला म्हणजे कार्ड चाललं असं नाही. ‘मेसा-युटिल्स’ पॅकेज टाका आणि ‘जीएलएक्सइन्फो जागा वजा बी’ द्या, इथला बी मोठा. ‘ओपनजीएल रेंडरर’च्या ओळीत तुमच्या कार्डाचं किंवा चिपचं नाव पाहिजे. नूव्होवर जीफोर्स २१० हे ‘एनव्हीए८’ म्हणून दिसतं, दचकू नका. पण तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल, तर कार्ड नुसतं शोभेला बसलंय आणि चित्र अजून प्रोसेसरच काढतोय. बहुधा नोमोडसेट कुठेतरी राहून गेलेलं असतं.

सगळं ठीक असून रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वरच अडकलं असेल, तर कार्डाकडे न बघता केबलकडे बघा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती कार्डापर्यंत पोचवत नाहीत. कन्व्हर्टर काढून थेट केबल लावली की प्रश्न मिटतो.

कार्ड ठेवायचं की काढायचं?

हेही विचारून घ्या. मॉनिटरला व्हीजीए असेल आणि काम टायपिंग, हिशेब, ब्राउझर एवढंच असेल, तर कार्ड काढून बोर्डाच्या इंटेल ग्राफिक्सवर चालवा. जी४१ बोर्डावरचं इंटेल ग्राफिक्स लिनक्सवर काही न करता चालतं, उष्णताही कमी. एचडीएमआय हवंच असेल आणि हातातलं कार्ड रोज छळत असेल, तर त्याच्यावर अजून रविवार घालवण्यापेक्षा जुन्या बाजारातलं एचडी ६४५० किंवा आर५ २३० बघा.

नवी पेठेत किंवा कुठेही जुनं कार्ड घ्यायला जाताना खिशात मिंटचा लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारा) पेनड्राइव्ह ठेवा. दुकानातल्या मशीनला कार्ड लावून पेनड्राइव्हवरून सुरू करायला सांगा, एलएसपीसीआय देऊन चिप बघा, एखादा व्हिडिओ लावून कार्ड तापू द्या. दुकानदार “विंडोजवर चेक करून देतो की” म्हणाला, तर पैसे काढायच्या आधी दुसरं दुकान बघा.